कोंडवाड्यातला आरसा

मु. उंबरटेक, पेटा मुळशी
१४ डिसेंबर १९५८

भिकू,

पत्राच्या माथ्यावर काय लिहावं ते ठरेना. 'रा. रा.' लिहिलं तर तुला चेष्टा वाटेल, आणि 'चिरंजीव' लिहावं एवढी तुझी-माझी ओळख नाही. म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे. मी नथूचा बाप, भिवाजी. गावात मला नाना म्हणतात. तुझा पुण्याच्या छापखान्याचा पत्ता तुझ्या आईकडून घेतला. साळूबाई म्हणाल्या, "पत्ता हाय नाना, पर त्यो उत्तर धाडंल असं वाटत न्हाई. मलाच धाडत न्हाई." तरी लिहितो.

तुला एक विचारायचं आहे. माझा दाढीचा आरसा कोंडवाड्यात कसा गेला?

आरसा पितळी चौकटीचा आहे. खालच्या कोपऱ्यात तडा गेलेला. रस्त्याच्या कामावर असताना घेतला होता आणि जिथं जिथं छावणी पडली तिथं तिथं तो माझ्याबरोबर होता. नोकरीच्या शेवटच्या वर्षी सणाला आलो तेव्हा तो घरी विसरलो, आणि पेन्शनीत निघून आलो तर तो सापडेना. नथूची आई म्हणाली, उंदरांनी नेला असेल. पण उंदीर आरसा कशाला नेतील हे मनात राहून गेलं. परवा कोंडवाड्यात पहिल्यांदा आत गेलो, तर तो समोरच्या भिंतीत चुन्यानं पक्का बसवलेला. तोही इतका खाली, की तोंड पाहायला मला वाकावं लागलं. नथू तर माझ्याहून उंच होता. मग आरसा कुणाच्या उंचीनं बसवला? बहिरूला विचारलं. पथकातला तो पोरगा म्हणाला, "त्ये भिक्याला ठावं." म्हणून तुला विचारतो.

नथू गेला हे तुला कळलं असेलच. दिवाळीनंतर कोंडवाड्याचं जुनं फाटक काढून ही पोरं नवं बसवत होती. जुन्या फाटकाचा खिळा त्याच्या टाचेत गेला. त्यानं चिंधी बांधली आणि फाटक बसवूनच घरी आला. पुढं धनुर्वात झाला. पुण्याला नेला आणि परत आणला. याहून जास्त लिहिता येत नाही.

माझी सगळी नोकरी रोड कारकून म्हणून बाहेर गेली. घरी यायचो ते सणावारी. नथू शेती बघतो आणि संध्याकाळी पोरं जमवून गाणी म्हणतो, नाटकं करतो, एवढं मला ठाऊक होतं. तुमच्या त्या उमेद कलापथकात तो नक्की काय करत होता, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. आता विचारायला तूच आहेस. पथक तुम्ही दोघांनी काढलं असं सगळे म्हणतात. मग तू गेलास का, हे मात्र कुणी सांगत नाही.

आरशाचं तेवढं कळव.

भिवाजी


२८ डिसेंबर १९५८

भिकू,

उत्तर आलं नाही. मी रागावलेलो नाही. नोकरीत असताना वरच्या कचेरीला रिपोर्ट धाडायचो, त्यांचीही उत्तरं येत नसत. रस्ता होतच असे.

दहाव्याचं तुला कुणी सांगितलं की नाही, ठाऊक नाही. मी डोळ्यांनी पाहिलं, तरी मला ते पुरतं उलगडलेलं नाही. म्हणून सांगतो.

आमच्यात धाकट्यासाठी वडीलधाऱ्यानं डोई करायची नसते. पुतण्या बसला. कोंडाजी न्हाव्यानं त्याची डोई केली. तो उठला तशी पथकातली पोरं त्याच्या मागं ओळीनं बसायला लागली. मला वाटलं, बघायला आलीत. मी म्हणालो, "अरे, तुम्ही कशाला? हे भावकीचं असतं."

बहिरू म्हणाला, "मंग आमी कोन हाव, नाना?"

त्या धनगराच्या पोराला मी तोपर्यंत मेंढरं राखणारा म्हणूनच ओळखत होतो.

कोंडाजीनं आमच्यातल्या दोघांची केली. मग बहिरूची करायला घेतली. अर्धी झाली आणि त्यानं मान वर करून पाहिलं, की पुढं कोण बसलंय. बहिरूच्या मागं तुझा भाऊ जोतिबा होता आणि तुमच्याच वस्तीतला आणखी एक. कोंडाजीनं वस्तरा पुसला, मिटला आणि धोकटीत घातला.

"का वो मामा?" बहिरूनं विचारलं.

"पानी संपलं."

नदी त्याच्या पायाशी वाहत होती. मी त्या दोघांच्या मध्ये उभा होतो आणि गप्पच राहिलो. मग बहिरू हसायला लागला. "बसा मामा, पानी यील तवर मी जरा जाऊन येतो," म्हणून तो अर्ध्या गुळगुळीत डोईनं उठला आणि पाण्यातून पलीकडच्या माळावर गेला. तिथं त्याच्या मेंढरांचा वाडा बसला होता. परत आला तो लोकर कातरायची कातर घेऊन.

"जोत्या, मान खाली घाल. हलू नगं. मेंढी हलती तवाच तिचा कान जातो."

तुझ्या भावाची डोई त्यानं कातरली. मग दुसऱ्याची. कुठं खोल, कुठं उथळ, सगळे पट्टे पट्टे. जोतिबा हातानं डोकं चाचपून म्हणाला, "बहिऱ्या, थंडीत मला लोकर परत दे." आणि तिथं, नदीवर, नथूचा दहावा चालू असताना सगळी पोरं हसली आणि हसता हसताच रडायला लागली. मी उभं आयुष्य लोकांच्या मयतीला गेलो आहे. असं कधी पाहिलं नाही.

शेवटी कोंडाजीच म्हणाला, "ये बहिरू, तुजी राहिल्याली करतो."

"ऱ्हाऊ द्या मामा. पानी न्हाई न्हवं?"

तो अजून तसाच अर्ध्या डोईनं फिरतो. टोपीही घालत नाही. त्याची आई धोंडाबाई रोज त्याच्या नावानं शंख करते. कोंडाजीला तो दिसला की कोंडाजी गल्ली बदलतो.

पिंडाला कावळा लगेच शिवला. नथूची आई म्हणाली, त्याचं मागं काही राहिलं नव्हतं म्हणायचं. मला ते खरं वाटत नाही. कावळा भुकेला असेल.

तर माझा प्रश्न असा. ही पोरं माझ्या मुलाची कोण लागत होती?

भिवाजी


२५ जानेवारी १९५९

भिकू,

मी आता रोज उन्हं उतरली की कोंडवाड्यात जातो. घरी बसवत नाही. नथूची आई काही विचारत नाही, पण मी आलो की तिथं काय झालं ते ऐकायला चुलीपासून उठून बाहेर येते.

तुमच्या वस्तीला आता बौद्धवाडा म्हणायचं, हे जोतिबानं मला शिकवलं. माझ्या तोंडून जुनं नाव जातं. मग तो बोलायचा थांबतो आणि माझ्याकडे बघत राहतो. मी दुरुस्त केलं की पुढं बोलतो. चिडत नाही. मास्तर व्हायच्या लायकीचा आहे.

पडका कोंडवाडा गावाच्या आणि बौद्धवाड्याच्या बरोबर मध्ये होता म्हणूनच तुम्ही तो निवडलात, हेही त्याच्याकडूनच कळलं. दोन्हीकडची मोकाट गुरं एकेकाळी तिथं एकत्र कोंडली जायची. तू म्हणाला होतास म्हणे, "गुरांना चालतं तर आपल्याला का न्हाई?" आता तिथं वाचायला वर्तमानपत्र येतं, म्हाताऱ्यांचा साक्षरतेचा वर्ग बसतो. जायच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी गटार काढलंय. पूर्वी ती वाट कुणी वापरत नसे. वळसा घालून जायचे. मी स्वतः वळसाच घालत आलो.

पण भिकू, तुमच्या गटाराचा उतार चुकला आहे. पाणी नदीकडे जायचं सोडून परत गावाकडे येतं. नथूला मी विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, आणि त्यानं मला विचारलं असतं तर मीही सांगितलं असतं. मी दोरी आणि खुंट्या घेऊन उतार काढून दिला. पोरांनी परत खणलं. बहिरू म्हणाला, "नाना, तुमी पयल्यापासून आला असता तर येकदाच खनलं असतं."

आता मुद्द्याचं. सरपंच जयसिंग काल घरी आला. चहा घेतला, नथूबद्दल चार शब्द चांगले बोलला. मग म्हणाला, "नाना, कोंडवाड्याची जागा पंचायतीची हाय. तितं पिठाची गिरणी टाकावी म्हंतोय. बायकांचं भुकूमच्या गिरनीपतूर हेलपाटं वाचतील."

मी म्हणालो, "पोरांचं काय?"

"पोरं कुटं ऱ्हायलीत आता? नथू गेला, भिक्या तर कवाच गेला. आन् खरं सांगू? त्या फाटकानं तुमचा पोरगा खाल्ला. तुमालाच त्ये नजरंसमोर नको असंल, असं मला वाटलं."

तो वाईट माणूस नाही. गिरणी हवीच आहे. आणि फाटकाचंही त्याचं खरं होतं. पहिले काही दिवस मी मान खाली घालून त्यातून आत जायचो. पण ते माझ्या वतीनं दुसऱ्यानं बोललेलं मला आवडलं नाही. मी म्हणालो, "गिरणी देवळामागंही होईल." तो म्हणाला, "बगू." मग जाता जाता अट घातली. चैत्री पौर्णिमेच्या जत्रेला पथकानं खेळ करून दाखवावा, गाव उठून न जाता शेवटपर्यंत बसावं. तसं झालं तर जागा पोरांची. नाहीतर वैशाखात गिरणीचा पाया.

पोरांना हे सांगितलं. तुमचं मोठं नाटक एकच आहे आणि त्यातली दोन माणसं नाहीत. एक येणार नाही. दुसरा येईल की नाही, हे तोच सांगू शकतो.

भिवाजी


२२ फेब्रुवारी १९५९

भिकू,

तुझं कार्ड पोचलं. तीन पत्रांना तीन ओळी. पण आल्या याचा आनंद झाला. "आरसा माझ्या उंचीनं बसवला, खाली बसल्यावर. नथूनं तुमच्या घरून आणला तेव्हा मी नको म्हटलं होतं. बाकीचं बहिरूला विचारा, गेल्या जत्रेला तो पडद्याशी होता."

मी बहिरूला विचारलं. आधी तो टाळत होता. मी म्हणालो, भिकूनंच विचारायला सांगितलंय. तेव्हा त्यानं कातर खाली ठेवली.

तुला ठाऊक असलेलंच लिहितो आहे. मला ते जसं कळलं तसं लिहितो, चुकत असेन तर सांग.

नाटकात न्हाव्याचा प्रवेश आहे. न्हावी म्हशी भादरतो आणि एका माणसाची दाढी मात्र करत नाही. शेवटी तो वस्तरा उचलतो आणि करतो. नथू न्हावी आणि तू तो माणूस. तुझं म्हणणं असं, की दाढी खोटी खोटी करायची नाही. खरा वस्तरा, खरा साबण आणि गावासमोर खरीच दाढी. झाली की तू भिंतीतल्या आरशात बघायचं आणि म्हणायचं, "ह्यो बघा, मानूसच निघाला!" तू त्यासाठी दाढी वाढवली होतीस. नथू कबूल होता. तालमीत त्यानं दोनदा केलीही होती.

जत्रेच्या दिवशी मी रजा घेऊन आलो होतो. खेळ कोंडवाड्यात आणि बघणारे उघड्या फाटकाबाहेर; जयसिंगनं मला पुढच्या सतरंजीवर बसवलं, पण तिथून आतला आरसा माझाच आहे हे मला ओळखू आलं नाही. नथूला मी येणार हे ठाऊक नव्हतं. त्यानं वस्तरा उघडला, समोर पाहिलं, मी दिसलो. आणि त्यानं वस्तरा उलटा धरला. पाठीच्या बाजूनं साबण निपटला. दाढी होती तशीच राहिली. तू आरशात पाहिलंस. वाक्य म्हणायचं होतं ते म्हणालास. लोक हसले. तू तसाच कानामागं साबण घेऊन उठलास आणि पौडच्या रस्त्याला लागलास.

भिकू, मीही हसलो होतो. मला आठवतं. नाटकात सगळं खोटंच असतं, तसं हेही असेल, असं मी समजलो. दाढी दिसत असून माणूस आरशात बघून असं म्हणतो, ही गंमत असेल असं वाटलं. एवढी मला नाटकाची समज.

बहिरू म्हणाला, "नथ्या तुमाला भीत न्हवता, नाना. तुमी काय करशिला त्ये त्याला ठावं न्हवतं. त्याचीच भीती."

त्या दिवसापासून मी हेच शोधतो आहे. वस्तरा सरळ असता तर मी काय केलं असतं? उठून गेलो असतो का? घरी त्याला बोललो असतो का? की गप्प बसलो असतो, नदीवर बसलो तसा? खरं सांगतो, मला ठरवता येत नाही. तो असता तर दोघांनाही कळलं असतं.

तू त्याला माफ केलं नाहीस, असं पोरं म्हणतात. तो तुला भेटायला पुण्याला दोनदा आला होता आणि तू छापखान्यातून बाहेर आला नाहीस, असंही म्हणतात. ते तुमच्यातलं आहे. मी त्यात पडत नाही. मी फक्त विचारतो, की तू गेलास त्यानंतरही त्यानं आरसा तिथंच का ठेवला असेल? चुना फोडून काढून घरी आणता आला असता. माझी रोजची दाढी अदमासानं चालली होती आणि ते त्याला दिसत होतं.

भिवाजी


५ एप्रिल १९५९

भिकू,

पौर्णिमा जवळ आली. पंचायतीपुढं नाटकाचा विषय झाला. जयसिंग म्हणाला, "खेळ करा, पर त्यो हजामतीचा परवेश गाळा. गेल्या साली हसण्यावारी गेलं. औंदा न्हाई जायचं."

पोरं म्हणाली, मग नाटकच नको.

मी पंचायतीत कधी तोंड उघडलेलं नाही. त्या दिवशी म्हणालो, "सरपंच, तुमची अट काय होती? गाव शेवटपर्यंत बसलं पाहिजे. प्रवेश कोणता हे अटीत नव्हतं." जयसिंग म्हणाला, "नाना, तुमी बी?" मी म्हणालो, "अटीत होतं का नव्हतं?" तो म्हणाला, "न्हवतं." झालं.

बाहेर आल्यावर जोतिबानं विचारलं, "पर नाना, न्हावी कोन?" पोरांत कुणाच्या हाताला वस्तऱ्याची सवय नाही. बहिरूला कातरीची आहे, पण त्याची डोई-कातर सगळ्यांनी पाहिली आहे. मी छावणीत राहून स्वतःची दाढी स्वतः करायला शिकलेला माणूस. मी म्हणालो, मी करतो.

नथूच्या आईला सांगितलं. ती लुगड्याचा पदर तोंडाला लावून हसली, दिवाळीनंतर पहिल्यांदा. म्हणाली, "पोराचं वरीस सरलं न्हाई आन् तुमी नाचायला निघाला?" मी म्हणालो, नाचायचं नाही, दाढी करायची आहे. मग तिनंच पेटीतून माझा जुना कोट काढून उन्हात घातला. न्हावी कोट घालत नाही हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

आता एक अडचण. स्वतःची दाढी आणि दुसऱ्याची यांत फार फरक आहे. आपली हनुवटी आपल्याला आतून कळते. शेवटी मी कोंडाजीकडे गेलो. वाटलं, दार लावून घेईल. त्यानं विचारलं, "कुनाची करायची?" मी तुझं नाव सांगितलं. तो पायरीवर बसला. मग म्हणाला, "नाना, माजा हात थांबत न्हाई. गावाचं डोळं थांबवत्यात. म्या येकाची केली, की दुसऱ्या दिशी बाकीची दारं बंद. तुमचं काय, तुमाला पेन्शन हाय." एवढं बोलून त्यानं धोकटी उघडली.

रोज सकाळी त्याच्या परसात शिकतो. सरावाला बहिरू बसतो. राहिलेली अर्धी डोईही त्यानं या निमित्तानं कोंडाजीला करू दिली. बहिरू मात्र माझ्या हाताखाली फार कुरकुरतो. "माज्या मेंढरांनी बी येवढं सोसलं न्हाई, नाना. त्यांना निदान वरडता येतं." कोंडाजी त्याला म्हणतो, "गप. पानी संपंल." आता पोरांनी हे वाक्य नाटकात घातलं आहे. कोंडाजीला विचारून घातलं.

नथूची जागा मी घेत नाही. ती घेता येणार नाही. मला फक्त ते पाहायचं आहे, जे मला पाहायला मिळालं नाही. वस्तरा सरळ असताना काय होतं ते.

पुण्याहून पौडची गाडी दुपारी आहे. खेळ उन्हं उतरल्यावर. आला नाहीस तर जोतिबा बसेल. पण त्याला अजून दाढी फुटलेली नाही आणि गावाला ते दिसेल.

येणार असलास तर आजपासून दाढी वाढव.

भिवाजी


३ मे १९५९

चि. भिकूस,

हनुवटीवरची जखम भरली का? मला फार वाईट वाटलं. कोंडाजीनं शिकवलं होतं, की हनुवटीच्या वळणावर हात थांबवायचा नाही. मी थांबवला. लोकांना रक्त दिसलं नाही. मला दिसलं. तुला लागलं हे मला तुझ्या नाकपुड्यांवरून कळलं, पण तू हलला नाहीस. बहिरू आत पडद्यामागून हळूच म्हणाला, "कान सांभाळ भिक्या." तू हसू दाबलंस तेही मला हातात कळलं.

तू रात्रीच्या मुक्कामाला आईकडे गेलास आणि सकाळी भेटायच्या आत निघून गेलास. म्हणून पुढचं लिहून कळवतो.

मी वस्तरा सरळ धरला तेव्हा पुढच्या सतरंजीवरचे काही उठले. ते तुलाही दिसलं असेल. जयसिंग अर्धवट उठला होता. त्याच्या शेजारी नथूची आई बसली होती. ती त्याला एवढंच म्हणाली, "बसा की सरपंच, माजा मानूस काम करतोय." तो बसला. तो बसला म्हणून मागचे उठलेलेही बसले. जे बसले नाहीत ते देवळाच्या कट्ट्यापर्यंत गेले आणि तिथून बघत राहिले. ते गेले म्हणायचे की बसले, यावर पंचायतीत बराच वाद झाला. शेवटी जयसिंग म्हणाला, "कट्टा गावातच हाय." गिरणी देवळामागं होईल. उताराची जागा आहे. मी पाया आखून देणार आहे.

कोंडाजीनं अजून तुमच्यातल्या कुणाची केलेली नाही. पण हल्ली तो धोकटी घेऊन कोंडवाड्याच्या नव्या फाटकापाशी बसतो. तिथं सावली चांगली आहे म्हणतो. मला तिथं सावली दिसत नाही.

मी त्या प्रवेशात तुला वाटलो तसा शांत नव्हतो. हनुवटी धरली तेव्हा ती उबदार होती, आणि माझ्या मुलाला मी लहानपणीसुद्धा कधी असं धरलं नव्हतं, हे त्या क्षणी ध्यानात आलं. म्हणून हात थांबला. कोंडाजीला मी वेगळं कारण सांगितलं आहे.

आता एकच राहिलं. दाढी झाल्यावर तू आरशात पाहिलंस. वाक्य म्हणायला तोंड उघडलंस आणि म्हणालाच नाहीस. नुसता बघत राहिलास. मी तुझ्या मागं उभा होतो, त्यामुळं आरशात तुझ्या खांद्यावरून मीही दिसत होतो, आणि तडा आपल्या दोघांच्या मधून गेलेला. मग तू आरशातून माझ्याकडे पाहून हसलास, आणि लोक तेव्हा हसले नाहीत.

ते नाटकात होतं का? जोतिबा म्हणतो होतं. बहिरू म्हणतो नव्हतं. नथू असता तर त्याला विचारलं असतं.

पुढच्या जत्रेच्या आधी येऊन सांग. आरसा तिथंच आहे. मी माझी दाढी आता रोज सकाळी तिथंच जाऊन, खाली बसून करतो.

तुझा,
नाना